संतांच्या हातांत काय असते

जामबाग हा हैदराबादेतला मराठी माणसाच्या पायाखालचा भाग. विवेकवर्धिनी इथलीच. निजामाच्या राज्यात मराठीतून शिकायची सोय नव्हती, तेव्हा केशवराव कोरटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही शाळा काढली. हैदराबादच्या कितीतरी मराठी घरांत आजही शाळेचा विषय निघाला की पहिले नाव हेच येते. जामबागेची दुसरी ओळख म्हणजे फुलबाजार. झेंडू, शेवंती, गुलाब आणि मोगऱ्याचे गजरे इथून शहरभर जातात, देवळांत जातात, दर्ग्यांत जातात आणि चर्चमध्येही जातात. याच रस्त्याने आबिड्स ओलांडून पुढे गेले की गनफाउंड्री लागते. तिथे दोन मनोऱ्यांचे सेंट जोसेफ्स कॅथेड्रल उभे आहे.

मराठी माणूस या चर्चमध्ये गेला की मूर्तींपाशी थबकतो. येशू ओळखू येतो, मरियाही ओळखू येते. मग एक दाढीवाला, एक मुंडन केलेला तरुण, कुणी पुस्तक धरलेला, कुणी क्रूस उंचावलेला. हे सगळे कोण, हे कळत नाही. दहा मिनिटे डोळे फिरवून माणूस बाहेर येतो आणि ‘छान आहे, शांत वाटते’ एवढेच सांगतो. मला याची हळहळ वाटते, कारण मूर्ती वाचायची विद्या आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. संध्येत जी विष्णूची चोवीस नावे घेतात, त्या चोवीस मूर्तींना चेहरा एकच असतो. शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चार आयुधे कोणत्या हातात कोणत्या क्रमाने आहेत, यावरून हा केशव, हा नारायण, हा माधव असे ठरते. दोन्ही हात कमरेवर दिसले की पंढरीचा विठोबा, मग खाली नाव लिहिलेले असो वा नसो. कॅथॉलिक चर्चमधल्या मूर्ती याच पद्धतीने घडवलेल्या असतात. चेहऱ्याकडे नंतर पाहावे. आधी हातात काय आहे, अंगावर काय आहे आणि पायाशी काय आहे ते पाहावे.

आधी हे कॅथेड्रल इथे कसे आले ते थोडक्यात सांगतो. गनफाउंड्री म्हणजे तोफांचा कारखाना. मिशेल रेमों हा फ्रेंच सेनानी दुसऱ्या निजामाच्या चाकरीत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याने इथे तोफा ओतण्याची भट्टी उभारली. हैदराबादी बोलीत तिला ‘तोप का सांचा’ म्हणतात. पुढे १८५१ मध्ये रोमने हैदराबादसाठी स्वतंत्र धर्मप्रांताची व्यवस्था केली. डॅनिएल मर्फी हे आयरिश बिशप इथे आले. त्यानंतर मिलान शहरात १८५० साली स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेचे इटालियन धर्मगुरू आले आणि पुढची कित्येक दशके हा प्रांत त्यांच्याकडेच राहिला. त्यांच्यापैकी फादर ताल्याबुए यांनी १८६९ मध्ये गनफाउंड्रीत जागा घेतली. १८७० मध्ये चर्चचा पाया घातला गेला आणि १८७५ मध्ये बांधकाम पुरे झाले. हैदराबाद १८८६ मध्ये पूर्ण दर्जाचा धर्मप्रांत झाले. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते त्याला कॅथेड्रल म्हणतात, म्हणून मग हे चर्च कॅथेड्रल झाले. मनोऱ्यांतल्या पाच घंटा १८९२ मध्ये इटलीहून आल्या.

यातले १८७० हे साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी, ८ डिसेंबरला, पोप नववे पायस यांनी संत योसेफ यांना साऱ्या ख्रिस्तसभेचे संरक्षक म्हणून जाहीर केले. पोपची सत्ता त्या सुमारास डळमळीत झाली होती. सप्टेंबरात इटलीच्या सैन्याने रोम ताब्यात घेतले होते. त्या अडचणीच्या काळात पोपने आधार मागितला तो एका सुताराकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर योसेफच्या नावाची चर्चे, शाळा, इस्पितळे आणि अनाथाश्रम निघाले, आणि हैदराबादचे हे चर्च त्याच लाटेवरचे आहे. त्यामुळे इथल्या मूर्ती वाचायच्या तर सुरुवात योसेफपासून करावी.

योसेफ म्हणजे मरियेचा पती आणि येशूचा पालक पिता. बायबलमध्ये त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. त्याला स्वप्ने पडतात, तो उठतो आणि सांगितले ते करतो. मरियेला आणि बाळाला घेऊन रातोरात इजिप्तकडे निघून जातो. अशा अबोल माणसाची मूर्ती घडवायची तर हातात काय द्यायचे? कलाकारांनी तीन गोष्टी दिल्या. पहिली गुण्या, रंधा किंवा करवत, म्हणजे सुताराचे हत्यार. दुसरी पांढऱ्या लिलीची फुले आलेली काठी. मरियेसाठी वर निवडताना अनेकांच्या काठ्या देवळात ठेवल्या आणि योसेफच्याच काठीला फुले आली, अशी जुनी आख्यायिका आहे, तिच्यातून ही काठी आली. पांढरी लिली ही निर्मळ आचरणाची खूण. तिसरी गोष्ट म्हणजे स्वतः बाळ येशू, कधी कडेवर तर कधी बोट धरून चालणारा.

योसेफच्या वयाचीही एक गोष्ट आहे, आणि मला ती फार आवडते. मध्ययुगातल्या चित्रांत योसेफ हा पिकल्या दाढीचा म्हातारा असतो. जन्माच्या देखाव्यात तो एका कोपऱ्यात डुलक्या घेत बसलेला दिसतो. मरियेचे कौमार्य मनावर ठसावे म्हणून नवरा म्हातारा दाखवायचा, असा त्यामागचा हिशेब होता. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये आविलाच्या संत तेरेझाने आपला पहिला मठ १५६२ मध्ये योसेफच्या नावाने काढला आणि त्याची भक्ती पसरवली. तिथून योसेफ तरुण होत गेला. दाढी काळी झाली, खांदे रुंद झाले, आणि बाळाला सांभाळणारा, कष्ट करून घर चालवणारा बाप कोपऱ्यातून पुढे आला. १९५५ मध्ये पोप बारावे पायस यांनी १ मे हा कामगार दिन ‘श्रमिक योसेफ’ यांचा सण म्हणून नेमून दिला. तेव्हापासून गुण्या आणि रंधा यांना आणखी वजन आले. कुठल्याही चर्चमध्ये योसेफ दिसला की त्याच्या दाढीचा रंग पाहावा. मूर्तिकाराच्या मनात कोणत्या काळचा योसेफ होता ते त्यावरून कळते.

आता घोटाळा कुठे होतो ते सांगतो. लिली आणि बाळ येशू, या दोन्ही खुणा पादुआच्या संत अंतोनीच्या मूर्तीतही असतात. गोव्यात, वसईत, मुंबईत आणि हैदराबादेत या संताचे भक्त अमाप. हरवलेली वस्तू सापडावी म्हणून त्याला साकडे घालायची रीत आहे आणि मंगळवार हा त्याचा वार. हा मूळचा लिस्बनचा, ११९५ मध्ये जन्मलेला. इटलीत पादुआजवळ १२३१ मध्ये वारला, म्हणून पादुआचा. लांबून पाहिले तर योसेफ आणि अंतोनी सारखेच वाटतात, दोघांच्याही हातात फूल आणि मूल. जवळ जाऊन पाहावे. अंतोनीला दाढी नसते आणि डोक्यावर मधोमध मुंडन करून भोवती केसांचे कडे ठेवलेले असते. अंगात फ्रान्सिस्कन संन्याशांचा तपकिरी झगा आणि कमरेला जाड दोरी. दोरीला तीन गाठी असतात, त्या गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन या तीन व्रतांच्या. शिवाय त्याचे बाळ बहुधा उघड्या पुस्तकावर बसलेले किंवा उभे असते, कारण हा विद्वान उपदेशक होता. योसेफच्या बाळाला पुस्तक नसते.

मरियेचे तसे नाही. तिला ओळखायला कष्ट पडत नाहीत, पण तिच्या रूपांत फरक करता आला पाहिजे. आपल्याकडे देवी एकच, पण तुळजापूरची वेगळी, कोल्हापूरची वेगळी आणि माहूरची वेगळी, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मरियेच्या पायाखाली चंद्रकोर आणि साप असेल, डोक्याभोवती बारा तारे असतील, तर ती ‘निष्कलंक गर्भसंभवा’. हा सिद्धांत पोप नवव्या पायसनेच १८५४ मध्ये जाहीर केला. बारा तारे आणि चंद्र बायबलच्या शेवटच्या पुस्तकातून आले. हात जोडलेले, पांढरा झगा, निळा पट्टा आणि दोन्ही पावलांवर एकेक गुलाब असेल तर ती लूर्दची मरिया. फ्रान्समधल्या लूर्द गावी १८५८ मध्ये बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला एका गुहेत दर्शन झाले. तिने सांगितलेल्या वर्णनावरून फाबिश नावाच्या शिल्पकाराने संगमरवरी मूर्ती केली आणि १८६४ मध्ये ती गुहेत बसवली. बर्नादेतला ती पसंत पडली नाही, आपण पाहिली ती अशी नव्हती असे तिचे म्हणणे. तरी मूर्ती जगभर पसरली, आणि चर्चच्या आवारात दगड रचून केलेल्या गुहेत ती आपल्याकडेही उभी असते. दोन्ही हात खाली पसरलेले आणि तळव्यांतून किरण निघालेले असतील तर ते १८३० मध्ये पॅरिसमध्ये झालेल्या दर्शनावरचे रूप. तपकिरी वस्त्र आणि हातात कापडाचा छोटा ताईत असेल तर कार्मेल डोंगरावरची माता. छातीत तलवार खुपसलेली असेल तर ती दुःखी माता. आणि भरजरी साडी नेसलेली, मुकुट घातलेली, कडेवर मुकुटधारी बाळ असलेली ती वेळांकण्णीची. हैदराबादेत खैरताबादला तिचे स्थान आहे. साडी नेसून ती इतकी आपली झाली आहे की तिच्यापुढे नारळ ठेवणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक दिसतात.

बाकीच्यांच्या खुणा थोडक्यात. पेत्राच्या हातात किल्ल्या, स्वर्गाच्या दाराच्या. पौलाच्या हातात तलवार, कारण त्याचा शिरच्छेद झाला. सेबास्तियनच्या उघड्या अंगात बाण. कॅथरिनपाशी मोडलेले चाक, लॉरेन्सपाशी लोखंडी जाळी, लुसीच्या हातातल्या तबकात दोन डोळे. रोकच्या मांडीवर गाठ आणि शेजारी कुत्रा, कारण तो प्लेगचा संत. फ्रान्सिस झेवियर काळ्या झग्यावर पांढरे वस्त्र घालून हातातला क्रूस उंचावतो. भारतात आला असे मानले जाते त्या थॉमसच्या हातातही गुण्या असतो. म्हणजे योसेफशी पुन्हा घोटाळा. पण थॉमसजवळ बाळ नसते, आणि बहुधा भाला असतो. आपल्याकडच्या मूर्ती हाती शस्त्र घेतात ते दुष्टांना मारण्यासाठी. या संतांच्या हातात बहुधा असते ते ज्या शस्त्राने त्यांनाच मारले ते शस्त्र. हा फरक मनात धरून मूर्तींच्या ओळीपुढून चालावे. ज्यांचा छळ झाला तेच आपल्या छळाचे साधन दागिन्यासारखे मिरवतात, ही कल्पना ख्रिस्ती कलेतली सर्वांत बळकट कल्पना आहे असे माझे मत आहे.

मूर्ती ठेवाव्यात की नाही, यावर ख्रिस्ती जगातही मोठे रणकंदन झाले आहे. आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी मूर्ती आणि चित्रे फोडली. ७८७ मध्ये निकेआच्या दुसऱ्या धर्मसभेने निवाडा दिला, की प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, पूजा मात्र एका देवाचीच. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंटांनी पुन्हा मूर्ती हटवल्या. त्याला उत्तर म्हणून ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये मूर्तींचा पक्ष उचलून धरला. हा वाद तेलंगणातच डोळ्यांनी पाहता येतो. हैदराबादहून मेदकला जावे. तिथले भव्य कॅथेड्रल मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, धर्मगुरू चार्ल्स पॉस्नेट यांनी दुष्काळाच्या दिवसांत लोकांना काम देत बांधले, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी ते उपासनेसाठी खुले झाले. तिथे संतांच्या मूर्तींची रांग नाही. त्याऐवजी येशूचा जन्म, क्रूसावरचे मरण आणि स्वर्गारोहण दाखवणाऱ्या तीन रंगीत काचेच्या खिडक्या आहेत, आणि दिवसाचा उजेड त्यांच्यातून आत येतो. मुंबईच्या सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये संगमरवरी शिल्पे भरपूर आहेत, पण ती इंग्रज अंमलदारांची स्मारके. त्यांच्यापुढे कुणी मेणबत्ती लावत नाही. गनफाउंड्रीत लावतात.

त्याच गनफाउंड्रीच्या कॅथेड्रलमध्ये मिकेलान्जेलोच्या ‘पिएता’ची प्रतिकृती आहे, आणि तिच्यापुढे जरा वेळ काढावा. क्रूसावरून उतरवलेला येशू आईच्या मांडीवर आहे, एवढाच विषय. मूळ शिल्प रोमला सेंट पीटर्स बॅसिलिकात आहे. १४९८ मध्ये एका फ्रेंच कार्डिनलने आपल्या थडग्यासाठी ते करायला सांगितले, तेव्हा मिकेलान्जेलो तेवीस वर्षांचा होता. कारारा इथल्या खाणीतला एकसंध संगमरवर, उंची पावणेदोन मीटरच्या आसपास. हातातल्या खुणा वाचून इथे काम भागत नाही. इथे रचना वाचावी लागते. वाढलेला पुरुष बाईच्या मांडीवर आडवा ठेवायचा तर तो दोन्ही बाजूंनी लोंबकळणार आणि चित्र बेडौल होणार. मिकेलान्जेलोने मरियेची मांडी आणि तिच्यावरची वस्त्राची घडी अवाढव्य केली. ती उभी राहिली तर मुलापेक्षा कितीतरी उंच भरेल. पण घड्यांच्या लाटांमुळे डोळ्याला हे जाणवत नाही. वरून खाली रुंदावत जाणारा त्रिकोण दिसतो आणि त्यात दोन्ही देह मावतात. येशूचा उजवा हात खाली सुटला आहे, त्याच्या शिरा पाहाव्यात. मरियेचा उजवा पंजा मुलाच्या काखेखाली आहे, पण त्याच्या अंगाला तो थेट लागत नाही, मध्ये कापड आहे. तिचा डावा हात उताणा, रिकामा, पुढे केलेला.

आई मुलापेक्षा लहान दिसते, हा या शिल्पावरचा जुना आक्षेप. तेहतीस वर्षांच्या मुलाची आई पन्नाशीची हवी, ही तर विशीची वाटते. शिल्पकाराचे उत्तर त्याच्या चरित्रकाराने नोंदवले आहे, त्याचा आशय असा की निर्मळ स्त्रीचे तारुण्य टिकते. मला वाटते, मूर्तीपुढे उभ्या राहिलेल्या आईला हा हिशेब सुचतच नाही. मांडीवर मूल आहे एवढेच तिला दिसते.

प्रतिकृतीला कमी लेखणाऱ्यांसाठी १९७२ सालची घटना सांगतो. त्या वर्षी २१ मे रोजी एका माथेफिरूने रोममधल्या मूळ शिल्पावर हातोड्याने पंधराएक घाव घातले. मरियेचा डावा हात कोपरापासून तुटला, नाक उडाले, पापणी फुटली. संगमरवराचे तुकडे गोळा करून दुरुस्ती सुरू झाली, पण गेलेले नाक नेमके कसे होते हे कशावरून ठरवायचे? आधी काढून ठेवलेल्या प्लास्टरच्या साच्यांवरून. नकलेने अस्सल वाचवले. आज मूळ शिल्प जाड पारदर्शक तावदानाआड आहे, दुरून पाहावे लागते. प्रतिकृती मात्र जवळून पाहता येते.

हैदराबादच्या या मूर्ती ज्या काळच्या, त्या काळात युरोपात मूर्तींचे मोठे कारखाने होते. पॅरिसला सेंट सुल्पीस चर्चच्या भोवतालच्या दुकानांत, म्यूनिकला मायरच्या कार्यशाळेत, इटलीच्या उत्तरेला डोंगरातल्या लाकूडकाम करणाऱ्या गावांत मूर्ती तयार होत आणि पेट्यांतून जगभर जात. साच्यात प्लास्टर ओतायचे, पोकळ मूर्ती काढायची, सांधे घासायचे, मग रंग, सोनेरी किनार, काचेचे डोळे. गुलाबी गाल, मऊ हात आणि किंचित कललेली मान ही तिथली शैली. कलासमीक्षकांनी तिला गोड गोड म्हणून नाके मुरडली. तरी आपल्याकडच्या चर्चमधली डोळ्यात भरणारी मरिया आणि पवित्र हृदयाचा येशू बहुधा याच वळणाचे असतात. छातीवर ज्वाळांचे हृदय आणि भोवती काट्यांचे कडे असलेला हा येशू सतराव्या शतकात फ्रान्समधल्या एका संन्यासिनीला झालेल्या दर्शनावरून आला आणि १८५६ मध्ये त्याचा सण साऱ्या कॅथॉलिक जगाला लागू झाला.

गोव्यात मात्र गोष्ट उलटी. तिथे युरोपातून नमुने आले आणि मूर्ती घडवल्या इथल्या हातांनी. जुन्या गोव्याचे से कॅथेड्रल संत कॅथरिनचे, कारण पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकला. १५६२ मध्ये काम सुरू झाले आणि इमारत १६१९ मध्ये पुरी झाली. मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकडी भिंतीवर कॅथरिनच्या चरित्रातले प्रसंग कोरले आहेत. असले काम करणारे कारागीर पुष्कळदा हिंदूच होते. १५६७ च्या गोव्यातल्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेने अख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र वस्तू करवून घ्यायला मनाई केली. पुढेही असे हुकूम निघत राहिले, त्यावरून हुकूम पाळले जात नव्हते हे उघड आहे. देवळाचे खांब कोरणाऱ्या घराण्यांइतके लाकूड दुसऱ्या कुणाला कळत नव्हते. गोव्यातल्या काही चर्चमधली प्रवचनपीठे नागकन्येसारख्या किंवा मत्स्यकन्येसारख्या आकृतींनी खालून तोलून धरली आहेत. त्या आकृती कुठून आल्या असतील, हे देऊळ पाहिलेल्या माणसाला सांगायला नको.

या मिलाफाचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे सतराव्या शतकातला हस्तिदंती ‘भला मेंढपाळ’. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात गोव्याची हस्तिदंती मूर्तिकला जवळून पाहता येते. या मेंढपाळाची मूर्ती वीतभर किंवा थोडी मोठी. खडकांची चढत गेलेली उतरंड, तिच्या कपारींत मेंढ्या, झरे, झाडे आणि सगळ्यांत वर बाल येशू बसलेला. पायांवर पाय टाकलेले, डोळे मिटलेले, एक हात गालाला टेकलेला आणि मांडीवर कोकरू. युरोपात मेंढपाळ येशू उभा असतो आणि खांद्यावर मेंढी घेऊन चालतो. गोव्यात आल्यावर तो बसला आणि ध्यानात गेला. पुष्कळ अभ्यासकांना त्यात बुद्धाची आठवण होते, आणि मलाही तेच वाटते. हस्तिदंत आफ्रिकेतून मोझांबिकमार्गे यायचा, कोरायचे गोव्यात, आणि मूर्ती जहाजाने पोर्तुगालच्या घरांत जायच्या.

मूर्तींच्याही वाट्याला भोग येतात. वांद्र्याच्या डोंगरावरच्या मोतमाऊलीची, म्हणजे मरियेची, मूर्ती सोळाव्या शतकात जेजुइटांनी पोर्तुगालहून आणली असे सांगतात. १७०० मध्ये अरबी चाचे आले आणि त्यांनी मूर्तीचा उजवा हात तोडला. काही काळ तिच्या जागी दुसरी मूर्ती होती. मग मोतमाऊली परतली, आणि सप्टेंबरातल्या जत्रेला आज सगळी मुंबई डोंगर चढते.

चाच्यांपेक्षा मला भीती वाटते ती ऑइलपेंटच्या डब्याची. सणाच्या आधी उत्साहाने मूर्ती रंगवून घेतात. चकाकणारा जाड रंग बोटांच्या पेरांत, वस्त्राच्या बारीक घड्यांत आणि दोरीच्या गाठींत बसतो आणि खुणाच पुसून टाकतो. तीन गाठींची एकच गोळी होते. लिलीच्या पाकळ्या मिटून काठीला बोंड आल्यासारखे दिसते. जुन्या लाकडी मूर्तीवर असे चार-पाच थर चढले, की खालचा मूळ सोनेरी मुलामा मोकळा करायला तज्ज्ञाला महिनोन्‌महिने लागतात. रंगवणाऱ्याची भक्ती खरीच असते, म्हणून कळवळून सांगावेसे वाटते: आधी धूळ हलक्या कोरड्या ब्रशने काढा, पाणी लावू नका आणि रंगाला हात घालण्यापूर्वी जाणकाराला बोलवा.

मूर्ती पाहायला जायचे तर मिस्सा चालू नसताना जावे. उपवासकाळाच्या शेवटच्या दोन आठवड्यांत गेलात तर कित्येक चर्चमध्ये मूर्ती जांभळ्या कापडाने झाकलेल्या दिसतील, ती जुनी रीत आहे. ईस्टरच्या रात्री कापड निघते. गोव्याला असाल तर त्याच काळात एका सोमवारी गोवा वेल्हा इथे संतांची मिरवणूक निघते. तिसेक मूर्ती खांद्यांवरून गावात फिरतात आणि उजेडात, चारही बाजूंनी पाहायला मिळतात. हातातल्या खुणा ओळखायचा सराव करायला यापरती चांगली जागा नाही.

आणि ही खुणांची भाषा अजून बंद पडलेली नाही. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया जपानला गेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारले, आणि १८६२ मध्ये त्यांना संत म्हणून जाहीर केले गेले. त्यांच्या मूर्तीजवळ क्रूस आणि भाले असतात. मदर तेरेसा २०१६ मध्ये संत झाल्या, तेव्हा त्यांची खूण आधीच ठरलेली होती, निळ्या काठांची पांढरी साडी. २०२२ मध्ये कन्याकुमारी भागातले देवसहायम पिळ्ळै संत झाले. हे त्रावणकोरच्या दरबारातले अधिकारी, ख्रिस्ती झाल्यामुळे १७५२ मध्ये मारले गेले, आणि भारतातले पहिले गृहस्थ संत. त्यांच्या मूर्ती आता दक्षिणेतल्या कार्यशाळांत घडत आहेत: गुडघे टेकलेले, कमरेला धोतर, वर उघडे अंग आणि जोडलेल्या हातांत साखळदंड.